क्षमेच्या नावाखाली सही मागू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गुड फ्रायडेच्या दिवशी आपल्या दैनिकात क्रूसावरच्या पहिल्या उद्गारावर एक लेख आला होता. 'हे बापा, त्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात हे त्यांना समजत नाही.' आमच्या समाजाबद्दल वर्षातून दोनदाच काही छापून येतं, नाताळला आणि गुड फ्रायडेला, म्हणून मी तो लेख कापून ठेवला. लेखकाने मनापासून लिहिलं आहे यात शंका नाही. पण शेवटी ते म्हणतात की ज्याने खरी क्षमा केली तो तक्रार करत नाही, कोर्टाची पायरी चढत नाही, झालं गेलं गंगेला मिळालं म्हणतो आणि पुढे जातो. ते वाचून मी हे पत्र लिहायला बसले. हे वाक्य मी जन्मभर ऐकत आले आहे. आणि ज्याच्या तोंडून ऐकलं, त्याचं बहुतेक वेळा त्यात काहीतरी अडकलेलं होतं.

मी जालना जिल्ह्यातली निवृत्त परिचारिका. एकोणिसाव्या शतकात रेव्ह. नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल वसवलं, तेव्हापासून आमच्या घराण्यात प्रभूची प्रार्थना म्हटली जाते. सासर अंबड तालुक्यातलं, थोडीफार शेती असलेलं. नोकरी सगळी सरकारी दवाखान्यांत झाली, त्यातली बरीच वर्षं जळीत कक्षात. क्षमेबद्दल मला जे कळलं ते उपदेशपीठाकडून थोडं आणि त्या कक्षातून व सासरच्या वावरातून जास्त. पत्र लांबणार आहे. जागा नसेल तर कापा, पण मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या अठराव्या अध्यायाबद्दल जे लिहिलं आहे तेवढं कापू नका ही विनंती.

आधी एक सांगून टाकते. क्षमेची आज्ञा पातळ करून घ्यायचा माझा विचार नाही. 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड' असं आम्ही रोज म्हणतो. ही प्रार्थना शिकवून झाल्याबरोबर प्रभू त्यातल्या एकाच ओळीचा खुलासा करतात. भाकरीचा नाही, मोहाचा नाही, याच ओळीचा. तुम्ही माणसांना क्षमा केली नाही तर तुमचा पिताही तुम्हाला क्षमा करणार नाही. यात पळवाट कुठेच नाही. हल्ली मोबाइलवर संदेश फिरतात की क्षमा केल्याने रक्तदाब उतरतो, शांत झोप लागते. लागत असेल. पण ख्रिस्ती माणूस त्यासाठी क्षमा करत नाही. आपल्याला आधी माफी मिळालेली आहे म्हणून करतो, आणि ज्याला झोप लागणार नाही त्यानेही करायची आहे.

आता तो अठरावा अध्याय. आमच्याकडे क्षमेवरचा उपदेश हमखास एकविसाव्या वचनापासून सुरू होतो. प्रभूंचा शिष्य पेत्र विचारतो, प्रभू, माझ्या भावाने माझा अपराध किती वेळा केला तर मी क्षमा करावी? सात वेळा का? प्रभू म्हणतात, सातांच्या सत्तर वेळा. मग दहा हजार तलांतांच्या कर्जदाराची गोष्ट येते. हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच्या जरा आधी, पंधराव्या वचनात, प्रभू काय म्हणाले ते बघा. तुझ्या भावाने तुझा अपराध केला तर त्याच्याकडे जा आणि दोघेच असताना त्याचा अपराध त्याला दाखव. ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर घे, म्हणजे साक्षीदारांच्या तोंडून गोष्ट पक्की होईल. त्यांचंही ऐकलं नाही तर मंडळीला, म्हणजे चर्चच्या समुदायाला, कळव. पेत्राचा प्रश्न यानंतरचा आहे. म्हणजे ज्याला सातांच्या सत्तर वेळा क्षमा करायला सांगितलं, त्यालाच आधी सांगितलं होतं की गप्प बसू नकोस, जा, दाखव, साक्षीदार ने. हे दोन्ही एका दमात सांगितलेलं आहे. आपण अर्धं वाचतो.

त्या गोष्टीची सुरुवातही कुणी नीट वाचत नाही. राजा चाकरांचा हिशेब घ्यायला बसतो, तिथून गोष्ट सुरू होते. आकडा मांडला जातो. एक तलांत म्हणजे सहा हजार दीनार, आणि एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. दहा हजार तलांत म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस काम धरलं तरी फेडायला दोन लाख वर्षं लागतील. हा आकडा सगळ्यांसमोर मांडल्यावर राजा तो सोडतो. 'काही देणं नव्हतंच' असं म्हणून नव्हे.

आणि दुसरा आकडा, शंभर दीनार. उपदेशात याला 'क्षुल्लक रक्कम' म्हणतात. मला ते पटत नाही. शंभर दिवसांची मजुरी आहे ती. आमच्याकडे खुरपणीला बाईला दिवसाचे तीनशे धरले तर तीस हजार रुपये झाले. खुरपणी करणाऱ्या बाईला जाऊन सांगा की तुझे तीस हजार क्षुल्लक आहेत. प्रभूने दुखावलेल्या माणसाचं दुखणं खोटं ठरवलेलं नाही. तुझे शंभर दीनार खरेच बुडाले, पण तुला त्याहून किती सुटले ते आठव, एवढंच ते म्हणतात.

जळीत कक्षाबद्दल लिहिताना हात अडखळतो, तरी लिहिते. भाजलेली बाई आली की डॉक्टर तपासतात आणि ती शुद्धीवर आहे, जबाब देण्याच्या स्थितीत आहे, असं लिहून देतात. पोलीस येतात, नायब तहसीलदार येतात, मृत्युपूर्व जबाब घेतात. कायद्यात त्या जबाबाला फार वजन आहे, कारण मरणारं माणूस खोटं बोलत नाही असं धरलेलं आहे. मी पाहिलं ते वेगळं होतं. एक मुलगी, लग्नाला फार वर्षं झालेली नव्हती. रात्री पट्ट्या बदलताना तिने मला एक सांगितलं. ते मी ड्युटीवरच्या डॉक्टरांना सांगितलं, केसपेपरवर नोंद झाली. सकाळी साहेब यायच्या आधी सासरची एक वयस्क बाई तिच्या उशाशी बसली होती. तिच्या कानाशी तोंड नेऊन ती एकच सांगत होती, 'माफ कर माय, लेकरांकडं बघ, माफ कर.' मुलगी जबाबात म्हणाली, भाकरी करताना स्टोव्हचा भडका उडाला. तळहात पार भाजलेले होते, शाई लावायला बोट नव्हतं, म्हणून पायाच्या अंगठ्याचा ठसा घेतला. मीच तिचा पाय धरून ठेवला होता. ठसा उमटल्यावर उशाशी बसलेली बाई उठून बाहेर गेली, ती परत आत आली नाही.

त्या मुलीने मनातून क्षमा केली असेल, तर ती तिची आणि देवाची गोष्ट. मरताना शत्रूला क्षमा करणाऱ्या पहिल्या ख्रिस्ती हुतात्म्याच्या, स्तेफनाच्या रांगेत मी तिला बसवीन. पण उशाशी बसलेल्या बाईला क्षमा नको होती, जबाब हवा होता. क्षमा हा शब्द देवाच्या घरातला, म्हणून तो वापरला की समोरची बाई नाही म्हणू शकत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. ती बाई ख्रिस्ती नव्हती, जबाब देणारीही नव्हती. पण हीच रीत नंतर माझ्या दारात बायबल घेऊन आली.

माझे यजमान गेले तेव्हा मुलं शाळेत होती. साडेतीन एकर वावर त्यांच्या नावावर, भावाभावांची वाटणी आधीच झालेली, विहीर आमच्या बाजूला. दफन झालं, पाहुणे परतले आणि दीर येऊन बसले. म्हणाले, 'वहिनी, तुम्ही नोकरीवाल्या, तुम्हाला वावर काय करायचं? पोरं उद्या शहरात जातील. हक्कसोड करून द्या, घरातलं घरात राहील.' आमच्याकडे बहिणी माहेर तुटू नये म्हणून हक्कसोडपत्रावर सह्या करतात, विधवांना तर कुणी विचारतही नाही. मी नाही म्हटलं. मग वारस नोंदीच्या वेळी तलाठ्याकडे त्यांची हरकत आली. सोबत शंभर रुपयांचा बाँड. यजमानांनी मरणाआधी वावर भावाला द्यायचं ठरवून इसार घेतला असा मजकूर, खाली यजमानांची सही. ती सही त्यांची नव्हती. ते आडनावातला शेवटचा काना रेघेच्या खाली लांब ओढायचे. मुलांच्या प्रगतिपुस्तकावर, बँकेच्या स्लिपवर, रेशनच्या अर्जावर, सगळीकडे तसाच. बाँडवरचा काना आखूड होता. माझी मुलगी तेव्हा सातवीत होती. तिनेच त्यावर बोट ठेवून म्हटलं, 'मम्मी, पप्पा असं नव्हते करत.'

मग मंडळीतून माणसं आली. पाळक साहेब आणि दोन वडील, म्हणजे मंडळीचा कारभार बघणारी ज्येष्ठ माणसं. प्रार्थना झाली, चहा झाला. पाळक साहेबांनी करिंथकरांस पहिल्या पत्रातला सहावा अध्याय उघडला. विश्वासणारे एकमेकांविरुद्ध न्यायालयात जातात हेच मुळात तुमचं हरणं आहे, त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही, असं ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे विचारतो. वचन खरं आहे, मी ते मोडीत काढत नाही. वाचून झाल्यावर एका वडिलांनी आपल्या बायबलच्या कव्हरची चेन उघडली आणि आतून घडी केलेला कागद काढला. हक्कसोडपत्राचा मसुदा होता, टाइप केलेला. मला जिथे सही करायची होती तिथे पेन्सिलने फुली मारून ठेवली होती. म्हणाले, 'सिस्टर, मन मोठं करा, देव तुम्हाला दुप्पट देईल.'

मी त्यांना म्हटलं, थोडं मागचंही वाचा. पाचव्या वचनात पौल विचारतो, भावाभावांचा निवाडा करू शकेल असा एकही शहाणा तुमच्यात नाही काय? तर मग करा निवाडा. दोघांना समोरासमोर बसवा, हा बाँड मध्ये ठेवा, यजमानांच्या खऱ्या सह्या शेजारी ठेवा आणि मंडळी काय म्हणते ते सांगा. मी मानीन. त्यावर ते म्हणाले, जमिनीच्या भानगडीत मंडळी पडत नाही. कागद मात्र त्यांच्याच हातात होता. आणि आठवं वचन तर कुणी वाचलंच नाही. तिथे पौल अन्याय करणाऱ्याकडे वळतो आणि म्हणतो, तुम्ही नाडता, आणि तेही भावांना. तो अध्याय माझ्या दिरांच्या घरी जाऊन वाचायला हवा होता.

पौलाने स्वतः काय केलं तेही बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात आहे. फिलिप्पै शहरात त्याला चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकलं. सकाळी गुपचूप सोडून देऊ लागले तेव्हा तो निघाला नाही. आम्ही रोमी नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं, असं तो म्हणाला, आणि त्यांना यावं लागलं. पुढे रोमी सुभेदार फेस्तासमोर त्याने कैसराकडे, म्हणजे रोमच्या बादशहाकडे, दाद मागितली. त्याच माणसाने क्षमेवर पानंच्या पानं लिहिली आहेत. मनात वैर धरून तो कैसराकडे गेला असं कुणी म्हणेल का?

मी सही केली नाही. त्यामागचं कारण मला कायद्यानेच नीट समजावलं. आम्हा ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं दोन तृतीयांश मुलांना. म्हणजे त्या साडेतीन एकरांतला मोठा हिस्सा माझा नव्हताच, माझ्या लेकरांचा होता. जे माझं आहे ते मी सोडू शकते. जे लेकरांचं आहे ते मी कोणत्या तोंडाने सोडू? प्रभूनेही आपल्याच अंगावरचे खिळे माफ केले. दुसऱ्याच्या घरचं देणं तिसऱ्यानेच सोडायचं ही शिकवण शुभवर्तमानात कुठे आहे ते मला कुणी दाखवावं.

हरकतीची सुनावणी मंडळ अधिकाऱ्यांपुढे झाली. इसाराच्या कागदाने मालकी जात नाही, फेरफार वारसांच्या नावाने मंजूर झाला. दीर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपिलात गेले, तिथेही तेच झालं. खोट्या सहीचा फौजदारी गुन्हा दाखल करता आला असता, वकील तसं म्हणालेही. तो मी केला नाही. दाखल केला असता तरी ते पाप ठरलं नसतं, आणि दुसऱ्या कुठल्या बाईने केला तर मी तिच्याबरोबर पोलीस स्टेशनला जाईन. माझ्याबाबतीत मला वाटलं की माझ्या वाट्याचा अपमान माझा आहे, तो मी सोडू शकते. मी सोडला. कुणी सांगितलं म्हणून नाही.

सोडला म्हणजे काय केलं, तेही सांगते, कारण उपदेशात नेमकं हेच राहून जातं. लग्नकार्यात, प्रार्थनासभेत ती बाँडची गोष्ट सांगत फिरणं बंद केलं. मुलांना चुलत्याच्या घरी जायला अडवलं नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं त्या वर्षी, आमच्या विहिरीला जेमतेम पाणी होतं. दिरांची मोसंबी वाळायला लागली होती. त्यांची पाणीपाळी ठरलेली होती, ती मी तोडली नाही. भावकीतल्या लोकांनी मला वेड्यात काढलं. रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत त्यांचं नाव घ्यायचं ठरवलं होतं, ते घेत राहिले. सुरुवातीला नाव घेताना दात आवळले जायचे, तरी घेत होते. मन वळलं की मग क्षमा करू असं म्हणत बसले असते तर आजही बसलेली असते.

नंतर दिरांना साखरेचा त्रास वाढला. चप्पल चावून पायाच्या बोटाला जखम झाली, ती काळी पडली. तालुक्याच्या डॉक्टरांनी रोज ड्रेसिंग सांगितलं. जाऊबाई दारात आली, तिला बोलवेना. मी माझी ड्रेसिंगची पेटी घेऊन गेले. जखम सलाइनने धुवायची, मेलेली कातडी कात्रीने काढायची, दोन बोटांच्या फटीत गॉजची पट्टी सरकवायची, वरून पट्टी सैल बांधायची म्हणजे रक्त अडत नाही. पहिल्या दिवशी वासाने घरातली लेकरं बाहेर पळाली. भावजी भिंतीकडे तोंड करून पडायचे. आमचं बोलणं व्हायचं ते साखरेचं, भाताचं, गोळ्यांचं. शेवटी एक बोट काढावं लागलं, पाय वाचला. त्यांनी माफी मागितली नाही, अजूनही नाही. बाँड खोटा होता हे मी आजही म्हणते, त्यांच्या तोंडावर म्हणते. माझ्या मनात त्यांच्याविषयी विष नाही, हेही तितकंच खरं. पण आमचा सलोखा झाला असं मी म्हणणार नाही. तो एकट्याने होत नाही. लूकच्या सतराव्या अध्यायात प्रभू म्हणतात, भावाने अपराध केला तर त्याला दटाव, आणि त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर. विष मी एकटी टाकून देऊ शकते. गळाभेट घ्यायला त्यांना चार पावलं पुढे यावं लागेल. मी वाट बघते आहे.

आपल्या लेखकाने ग्लॅडिस स्टेन्स यांचं उदाहरण दिलं, ते योग्यच आहे. २२ जानेवारी १९९९ च्या रात्री ओडिशातल्या मनोहरपूर गावात त्यांचे पती ग्रॅहम आणि फिलिप व टिमोथी ही दहा आणि सहा वर्षांची दोन मुलं गाडीत झोपलेली असताना जिवंत जाळली गेली. त्यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि त्या बारीपदाला कुष्ठरोग्यांची सेवा करत राहिल्या. पण लेखात पुढचं आलं नाही. खटला चालला. २००३ मध्ये मुख्य आरोपी दारा सिंगला फाशी सुनावली गेली, उच्च न्यायालयाने २००५ मध्ये ती जन्मठेपेवर आणली आणि जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. त्या बाईंच्या क्षमेने न्यायालयाचं दार बंद झालं नाही, आणि न्यायालयाच्या निकालाने त्यांची क्षमा कमी झाली नाही.

याच्या उलटही घडतं, आणि मला तेही तितकंच मोठं वाटतं. सिस्टर राणी मारिया यांना २५ फेब्रुवारी १९९५ रोजी मध्य प्रदेशात बसच्या प्रवासात भोसकून मारण्यात आलं. २००२ मध्ये त्यांची सख्खी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि मारेकरी समुंदर सिंगला तिने राखी बांधली. त्याची सुटका व्हावी म्हणून घरच्यांनीच पुढाकार घेतला, २००६ मध्ये तो सुटला, आणि पुढे केरळात त्यांच्या घरी जाऊन आला. सुटका मागायला जाणारी ती सख्खी बहीण होती. एखाद्या पंचाने तिच्या वतीने कागद पुढे केला नव्हता. स्टेन्सबाईंनी एक केलं, सेल्मीबाईंनी दुसरं केलं, आणि दोघींनीही क्षमाच केली. किती सोडायचं हे ठरवायचा हक्क ज्याला लागलं त्याचा आहे.

आमचं गाव पैठणपासून फार लांब नाही. गुड फ्रायडेच्या आधीचा आमचा उपवासकाळ आणि नाथषष्ठी साधारण एकाच हंगामात येतात. रस्त्याने दिंड्या जातात, आमच्या घरून पाणी देतात. नाथांची गोष्ट लहानपणापासून ऐकली. गोदावरीवरून आंघोळ करून येताना एक माणूस पुन्हा पुन्हा अंगावर थुंकतो, नाथ पुन्हा पुन्हा नदीवर जातात, रागावत नाहीत, शेवटी तोच पाय धरतो. कीर्तनात त्यांच्या शांतीचं वर्णन होतं आणि ते व्हायलाच पाहिजे. मला त्यात आणखी एक दिसतं. नाथ प्रत्येक वेळी आंघोळीला गेले. थुंकी अंगावर तशीच ठेवून 'काही झालं नाही' म्हणत घरी गेले नाहीत. घाण ती घाण, ती धुवायची, आणि टाकणाऱ्यावर रागवायचं नाही. माझ्या ख्रिस्ती मनाला ही गोष्ट परकी वाटत नाही.

आमच्या मंडळ्यांमधल्या पाळकांना आणि वडिलांना आपल्या पानातून काही सांगायचं आहे. गुड फ्रायडेला बारा ते तीनच्या उपासनेत ज्यांच्या वाट्याला क्रूसावरच्या सात उद्गारांपैकी पहिला उद्गार येतो त्यांनी तो जरूर सांगावा, उन्हातान्हात आलेली माणसं तो ऐकायलाच येतात. पण डोंगरावरच्या प्रवचनातली वेदीजवळची गोष्टही सांगावी. तू वेदीजवळ अर्पण आणलंस आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे तुला आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, मग ये. हे ज्याच्यामुळे दुसरा दुखावला त्याला सांगितलेलं आहे. त्याने उठायचं आहे, त्याने जायचं आहे. प्रभू स्वतःहून जक्कय नावाच्या जकातदाराच्या घरी उतरले तेव्हा, ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट परत देतो, असं तो उभं राहून म्हणाला. मग प्रभू म्हणाले, आज या घराला तारण मिळालं. आमच्याकडे मारलेल्या बाईच्या घरी चारचार माणसं जातात आणि मारणाऱ्याच्या घरी एकही जात नाही. हा क्रम बदला. आधी त्याच्याकडे जा, त्याला मत्तयाचा पाचवा अध्याय वाचून दाखवा, घेतलेलं परत करायला लावा. मग आमच्याकडे या आणि आम्हाला अठरावा अध्याय सांगा, आम्ही ऐकू. आणि ज्या हातात बायबल आहे त्या हातात सहीचा कागद आणू नका.

नवऱ्याकडून मार खाणाऱ्या बाईला 'माफ कर आणि नांदायला जा' असं सांगणाऱ्या महिला मंडळातल्या भगिनींनाही हेच सांगणं आहे. तिने माफ करावं, पण परत जायचं की नाही हे तिला आणि तिच्या बरगड्यांना ठरवू द्या. मी त्या बरगड्यांचे एक्सरे पाहिले आहेत.

शेवटी, संपादक महोदय, एक माहिती चौकटीत छापलीत तर उपकार होतील, कारण आमच्या भागातल्या बायकांना ती कुणी सांगत नाही. नवरा गेल्यावर वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे करता येतो, ऑनलाइन करायचा तर ई-हक्क प्रणालीवरूनही होतो. तलाठी, दीर, भाऊ, कुणीही 'आधी हक्कसोड करा, मग नोंद लावू' म्हटलं तर ते खोटं आहे, नोंदीसाठी हक्कसोडपत्र लागत नाही. हरकत आली तर सुनावणी होते आणि आपलं म्हणणं लेखी देता येतं. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे बाईला तिचं उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत वकील मिळतो. जाताना आधार कार्ड, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला आणि सातबाराचा उतारा सोबत न्यावा.

नाव आणि पत्ता आपल्याकडे वेगळा दिला आहे. तो छापू नये. माझ्या नावामागे ज्यांना मी क्षमा केली त्यांचंही नाव उघडं पडेल.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, ता. अंबड, जि. जालना